रुग्णशय्येवरून मैदानाकडे : जांघेच्या दुखण्याची दोनशे वर्षे

थ्रेड : खुबा आणि जांघ यांचे जुनाट दुखणे, त्यावर शतकभर दिला गेलेला विश्रांतीचा सल्ला, आणि तो सल्ला मोडीत काढणारा एक साधा फुटबॉल.

१९३२ साली इटलीतील एका अस्थिवैद्यकाच्या नियतकालिकात स्पिनेल्ली यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. खेळामुळे होणारा एक नवा आजार, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. हा आजार जडलेले लोक ना फुटबॉलपटू होते, ना धावपटू. ते होते तलवारबाज. त्यांच्या जांघेत, ओटीपोटाच्या खालच्या हाडापाशी दुखत असे आणि ते दुखणे महिनोन्‌महिने जात नसे. स्पिनेल्लींनी त्याला 'प्युबाल्जिया' म्हटले. क्रीडावैद्यकाच्या वाङ्मयात या दुखण्याचा उगम शोधू लागले की बहुतेक वाटा याच लेखापाशी येऊन थांबतात.

तलवारबाजच का, हे समजून घेण्यासाठी त्यांचा झेपावण्याचा पवित्रा डोळ्यांसमोर आणावा. पुढचा पाय एकदम लांब पडतो, मागचा पाय जमिनीला रोवलेला राहतो आणि दोन्ही मांड्या एकमेकींपासून दूर फेकल्या जातात. मांड्या जवळ आणणारे स्नायू आतल्या बाजूने जातात आणि वर जघनास्थीच्या जेमतेम काही सेंटिमीटर जागेवर चिकटतात. त्याच जागी वरून पोटाचा सरळ स्नायू उतरतो. झेप घेताना आतले स्नायू ताणले जात असतात आणि त्याच क्षणी शरीराला आवर घालण्यासाठी आकुंचनही पावत असतात. ताण आणि आकुंचन एकाच वेळी, तेही दिवसातून शेकडो वेळा. फुटबॉलपटू चेंडूला लाथ मारण्यापूर्वी पाय मागे नेतो तेव्हा हेच घडते. बर्फावरच्या हॉकीत खेळाडू कडेला पाय ढकलून वेग घेतो तेव्हाही हेच. खेळ निराळे असले तरी ओझे त्याच चिंचोळ्या जागेवर पडते.

अशा रुग्णाला त्या काळचा डॉक्टर काय सांगत असे? पडून राहा.

हा सल्ला आज भाबडा वाटतो. मात्र तो देणारे लोक भाबडे नव्हते आणि त्यांची बाजू ऐकल्याखेरीज ही कथा कळत नाही. लंडनच्या गाइज हॉस्पिटलचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी १८६० ते १८६२ या काळात विश्रांती आणि वेदना या विषयावर व्याख्याने दिली आणि १८६३ साली ती पुस्तकरूपाने आली. हिल्टन यांचे एक निरीक्षण आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पाठ असते. सांध्याला जी नस संवेदना पुरवते तीच तो सांधा हलवणाऱ्या स्नायूंना आणि त्यावरच्या त्वचेलाही पुरवते. त्यामुळे सांधा दुखू लागला की भोवतालचे स्नायू आपोआप आखडतात. खुब्याचा आजार असलेले मूल गुडघा दुखतो म्हणून का रडते, या कोड्याची उकलही या नसांच्या जाळ्यातच आहे. आखडलेले स्नायू म्हणजे सांध्याने स्वतःसाठी मागितलेली विश्रांती, असा अर्थ हिल्टन यांनी लावला.

लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन टॉमस यांनी या विचाराला लोखंडाची जोड दिली. त्यांचे घराणे वेल्समधील हाडवैद्यांचे. वडील इव्हान टॉमस पदवीविना हाडे बसवीत आणि त्यापायी सनदी डॉक्टरांचा रोष ओढवून घेत. पुढे मुलगे शिकून डॉक्टर झाले. ह्यू टॉमस यांनी आपल्या दवाखान्यालगत लोहारकाम आणि चामड्याचे काम करणारी माणसे ठेवली होती. तेथे रुग्णाच्या मापाचे आधारपट्टे घडवले जात. रविवारी गोरगरिबांना विनामूल्य उपचार मिळत. खुबा, गुडघा आणि घोटा यांच्या आजारांवरचे त्यांचे पुस्तक १८७५ साली आले. सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्यावी, हे त्याचे सार होते.

टॉमस यांच्यासमोरचा रुग्ण कोण होता, हे येथे विसरून चालणार नाही. तो खेळाडू नव्हता. तो बहुधा खुब्याला क्षय झालेला एखादा मजुराचा मुलगा असे. क्षयावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन हाती यायला १९४०चे दशक उजाडावे लागले. सडत चाललेला सांधा हलवला तर तो आणखी सडे. अशा मुलासाठी महिनोन्‌महिने पट्ट्यात जखडून पडणे हाच उपलब्ध उपायांपैकी सर्वांत शहाणा उपाय होता. चूक टॉमस यांची नव्हती. चूक पुढल्या पिढ्यांची, ज्यांनी क्षयाच्या सांध्यासाठी घडलेला नियम धडधाकट माणसाच्या ताणलेल्या स्नायूला लावला.

टॉमस यांचा वारसा तेवढाच नाही. पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांसाठी त्यांचा आधारपट्टा वापरला गेला आणि अशा जखमींमधील मृत्यू लक्षणीय घटले. खुबा पुढच्या बाजूने आखडला आहे का, हे पाहण्याची त्यांची पद्धत तर आजही रोज वापरली जाते. रुग्णाला उताणे निजवायचे, चांगल्या बाजूचा गुडघा छातीशी न्यायचा आणि दुखऱ्या बाजूची मांडी बिछान्यावरून उचलली जाते का, ते पाहायचे. विश्रांतीच्या सर्वांत कट्टर पुरस्कर्त्याची चाचणी आज प्रामुख्याने व्यायाम शिकवणारे लोक वापरतात.

विरोधी प्रवाह याहून जुना आहे आणि योगायोग असा की, तोही तलवारीपासूनच निघतो.

पेर हेनरिक लिंग हा १७७६ साली जन्मलेला स्वीडिश माणूस. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो कोपनहेगनला गेला. तेथे फ्रान्समधून परागंदा होऊन आलेल्या उस्तादांकडे त्याने तलवारबाजीचे धडे घेतले आणि नाख्तेगाल यांच्या व्यायामशाळेतही तो जाऊ लागला. त्याचा हात दुखत असे. तलवारबाजीने ते दुखणे कमी झाले आणि त्यातूनच त्याला हालचालीने उपचार करण्याची कल्पना सुचली, अशी कथा त्याच्या शिष्यपरंपरेत सांगितली जाते. संप्रदायांच्या उगमकथा अशाच नेटक्या असतात, तेव्हा ती थोडी अंतर राखूनच ऐकावी. मायदेशी परतल्यावर तो लुंडला तलवारबाजीचा शिक्षक झाला आणि १८१३ साली स्टॉकहोममध्ये सरकारी आश्रयाने त्याची मध्यवर्ती व्यायामसंस्था उभी राहिली. लिंग कवीही होता. राष्ट्राच्या पुनरुत्थानाची स्वप्ने पाहणाऱ्या त्या काळात कविता आणि कवायत या एकाच माणसाच्या दोन बाजू असणे अस्वाभाविक नव्हते.

लिंगच्या वैद्यकीय व्यायामातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे विरोधासह हालचाल. रुग्ण पाय जवळ आणू पाहतो आणि शिक्षक हाताने त्याला अडवतो. किंवा शिक्षक पाय दूर नेतो आणि रुग्ण त्याला अडवतो. किती जोर लावायचा, हे शिक्षकाच्या हातालाच कळते. या विद्येत तयार झालेल्या माणसाला स्वीडिश भाषेत आजाऱ्यांचा व्यायामशिक्षक अशा अर्थाचे नाव होते. ते २०१३ अखेरपर्यंत अधिकृतपणे टिकले आणि २०१४ पासून तेथेही फिजिओथेरपिस्ट हा शब्द आला.

शिक्षकाचा हात महाग पडतो. म्हणून गुस्ताव झांडर या स्वीडिश डॉक्टरने त्याच्या जागी यंत्र बसवले. १८६५ साली स्टॉकहोममध्ये त्याची संस्था निघाली. तरफ, वजने आणि चाके असलेल्या या यंत्रांना १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात पारितोषिक मिळाले. मांड्या जवळ आणण्याचे आणि दूर नेण्याचे यंत्र आज कोणत्याही जिममध्ये असते. त्याचे पूर्वज झांडरच्या दालनात सापडतात. त्या काळच्या छायाचित्रांत कोट घातलेले गृहस्थ आणि पायघोळ झगे घातलेल्या स्त्रिया या यंत्रांवर विलक्षण गंभीर मुद्रेने बसलेल्या दिसतात.

याच सुमारास फ्रान्समध्ये ल्युका-शांपिओनिएर हे शल्यविशारद मोडलेल्या हाडांनासुद्धा लवकर हालचाल आणि मालिश द्या, असे सांगू लागले. हा माणूस अडाणी उपचारांचा नव्हता, लिस्टर यांची जंतुनाशक शस्त्रक्रिया फ्रान्समध्ये रुजवणाऱ्यांपैकी होता. तरीही विश्रांतीचा दरारा ओसरला नाही.

१८९५ साली जर्मन शल्यविशारद फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी एक लहानसा पण दिशा बदलणारा मुद्दा मांडला. जन्मतः खुबा निखळलेली मुले डुलत चालतात. हाड वर सरकते म्हणून ती डुलतात, असा समज होता. ट्रेंडेलेनबुर्ग यांनी त्यांना एका पायावर उभे केले आणि दाखवले की, उचललेल्या पायाकडची कंबर खाली झुकते, कारण उभ्या पायाच्या खुब्यावरील बाहेरचे स्नायू तिला तोलून धरू शकत नाहीत. म्हणजे पाहायचे ते केवळ हाड नव्हे, हाडाला तोलणारा स्नायूही. खुब्याच्या उपचारात बाहेरच्या स्नायूंना बळकटी देण्यावर आज जो भर दिसतो, त्याची बैठक ही.

दुसऱ्या महायुद्धाने विश्रांतीच्या सिद्धान्ताला पहिला मोठा तडा दिला, आणि तो विचारांती नव्हे, गरजेपोटी. इस्पितळे जखमी सैनिकांनी भरली होती आणि खाटा रिकाम्या होत नव्हत्या. शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात टॉमस डीलॉर्म हा तरुण डॉक्टर काम करीत होता. किशोरवयात संधिवाताच्या तापाने त्याला अंथरुणाला खिळवले होते आणि नंतर त्याने वजने उचलून शरीर पुन्हा कमावले होते. तोच प्रयोग त्याने सैनिकांच्या दुखावलेल्या गुडघ्यांवर केला. तोवरची रीत होती हलके वजन आणि असंख्य आवर्तने; डीलॉर्मने जड वजन, मोजकी आवर्तने आणि हळूहळू चढता भार दिला. त्याचा लेख १९४५ साली प्रसिद्ध झाला. पुढे अनुभवाने त्याने सेटची संख्या कमी केली आणि दहा आवर्तनांचे तीन सेट ही पद्धत रूढ झाली. जिममधला प्रशिक्षक आजही दहा-दहाचे तीन सेट मारायला सांगतो, तेव्हा त्याच्या तोंडून नकळत एक लष्करी इस्पितळ बोलत असते. १९४७ च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये रिचर्ड ॲशर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये खाटेवर पडून राहण्याच्या धोक्यांवर लेख लिहिला आणि वैद्यकाच्या मुख्य प्रवाहातही कुजबुज सुरू झाली.

मुंबईचा दुवा याच काळातला. पोलिओने पांगळ्या झालेल्या मुलांचा प्रश्न तीव्र झाला होता आणि १९५३ साली परळच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीचे विद्यालय सुरू झाले. देशातील या विद्येचे ते पहिले औपचारिक शिक्षणकेंद्र. १९५५ साली हाजी अलीजवळ पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. येथेही सुरुवात खेळाडूंपासून झाली नाही. ज्यांना पुन्हा उभे राहायचे होते, त्यांच्यापासून झाली.

मग जांघेचे काय? तेथे मात्र गोंधळ वाढत चालला होता. न्यूयॉर्कचे मूत्ररोगतज्ज्ञ एडविन बिअर यांनी १९२४ सालीच मूत्राशयाच्या शस्त्रक्रियेनंतर जघनास्थीला येणाऱ्या दाहाचे वर्णन केले होते. ते नाव पुढे खेळाडूंच्या दुखण्यालाही चिकटले. १९८० साली लंडनचे शल्यविशारद जेरी गिल्मोर यांनी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये जांघेच्या वरच्या थरांची इजा ओळखली आणि तिला त्यांचेच नाव पडले. कोणी तिला खेळाडूंचा हर्निया म्हणे, जरी तपासात हर्निया सापडत नसे. कोणी जघनास्थीचा दाह म्हणे, कोणी स्नायूच्या मुळाची सूज. शल्यविशारदाकडे गेलेल्या खेळाडूला टाके पडत, कधी स्नायूचा बंध कापला जाई. फिजिओकडे गेलेल्याला लेसर, मालिश, विद्युतस्पंदने आणि ताण देण्याचे व्यायाम मिळत. खेळाडूचे ऐन उमेदीचे हंगाम मात्र बाकावर बसून जात. पंचविशीतल्या फुटबॉलपटूसाठी एक वर्ष म्हणजे कारकिर्दीचा केवढा तुकडा, हे सांगायला नको.

या पार्श्वभूमीवर १९९९ साली द लॅन्सेटमध्ये पेर हॉल्मिश आणि त्यांच्या डॅनिश सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ जांघ दुखणाऱ्या ६८ पुरुष खेळाडूंची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला त्या काळी रूढ असलेले सर्व उपचार मिळाले : लेसर, आडवे घर्षण-मालिश, विद्युतस्पंदने, ताण. यात रुग्ण पडून राहतो आणि उपचार त्याच्यावर होतात. दुसऱ्या गटाला फक्त व्यायाम.

तो व्यायाम इतका साधा होता की, पहिल्यांदा वाचणाऱ्याला शंका यावी. उताणे निजायचे, दोन्ही पावलांच्या मध्ये फुटबॉल ठेवायचा आणि तो तीस सेकंद दाबून धरायचा. असे दहा वेळा. मग चेंडू गुडघ्यांच्या मध्ये घेऊन तेच. पोटाचे व्यायाम, डळमळत्या फळीवर तोल सांभाळणे. पहिले दोन आठवडे एवढेच. तिसऱ्या आठवड्यापासून कुशीवर निजून पाय आत आणि बाहेर उचलणे, उभ्याने वजन ओढणे, एका पायावर उभे राहून हातांचे झोके आणि गुडघ्याची लय जुळवणे, गुळगुळीत फळीवर स्केटिंगसारख्या हालचाली. आठ ते बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली. विशेष म्हणजे आतल्या स्नायूंना ताण देण्याचा व्यायाम या गटाला मुद्दाम दिला नव्हता. जांघ दुखली की ताण द्या, हा तोवरचा जवळजवळ प्रतिक्षिप्त सल्ला होता.

अखेरपर्यंत टिकलेल्या ५९ जणांचा निकाल असा. व्यायामाच्या गटातील २९ पैकी २३ खेळाडू वेदनेशिवाय पूर्वीच्या पातळीवर खेळू लागले. दुसऱ्या गटातील ३० पैकी ४. आठ ते बारा वर्षांनी त्याच खेळाडूंना पुन्हा गाठले तेव्हा ४७ जण तपासणीला आले आणि व्यायामाचा लाभ टिकून असल्याचे दिसले.

वैद्यकाच्या इतिहासात इतका ठळक फरक क्वचितच दिसतो. म्हणूनच पुढे काय झाले, हे सांगणे आवश्यक आहे. २०११ साली नेदरलँड्समध्ये ॲडम वेअर आणि सहकाऱ्यांनी ५४ खेळाडूंवर दुसरा प्रयोग केला. एका गटाला उष्णता, हाताने केलेला विशिष्ट उपचार आणि ताण, दुसऱ्याला व्यायाम. या वेळी दोन्ही गटांतील सुमारे निम्मेच खेळाडू पूर्ववत परतले. जे परतले त्यांत हस्तोपचाराच्या गटाला सरासरी १२.८ आठवडे लागले आणि व्यायामाच्या गटाला १७.३. डेन्मार्कचा चमत्कार कोठे गेला? एक फरक ठळक आहे. डच खेळाडू व्यायाम घरी करीत होते. प्रशिक्षकाची भेट मोजून तीनदा. व्यायाम तोच, पण शेजारी उभा राहून 'आणखी एकदा' म्हणणारा माणूस नव्हता. हे एकमेव कारण असेल असे नाही. तरीही जो कोणी कागदावरचे चित्र पाहून व्यायाम करू लागतो आणि तिसऱ्या आठवड्यात सोडून देतो, त्याला हे स्पष्टीकरण ओळखीचे वाटेल.

उत्तर अमेरिकेच्या हॉकी संघांत याच वर्षांत टिमथी टायलर वेगळ्या टोकाने विचार करीत होते. दुखणे येण्याआधी ओळखता येईल का? २००१ साली त्यांनी दाखवले की, मांडी आत आणणाऱ्या स्नायूंची ताकद बाहेर नेणाऱ्या स्नायूंच्या ८० टक्क्यांहून कमी असेल, तर आतला स्नायू दुखावण्याचा धोका १७ पटींनी वाढतो. दुखापतीचे भाकीत लवचिकतेने नव्हे, ताकदीने केले होते.

इकडे खुब्याच्या सांध्यातही नवे प्रकरण उघडले. २००३ साली बर्नचे राइनहोल्ड गांझ यांनी मांडीच्या हाडाचा गोल आणि खुब्याची वाटी एकमेकांना अडतात, ही कल्पना सविस्तर मांडली. जांघेत दुखणाऱ्या कित्येक तरुणांच्या दुखण्याला त्यामुळे एक आकार मिळाला आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांना जोर चढला. ब्रिटनमधील २३ रुग्णालयांतील ३४८ रुग्णांवरचा प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला : एका बाजूला शस्त्रक्रिया, दुसऱ्या बाजूला व्यक्तीनुरूप आखलेली फिजिओथेरपी. वर्षअखेर दोन्ही गट सुधारले होते, पण शस्त्रक्रियेचा गट अधिक. शंभरपैकी सरासरी ५८.८ गुण विरुद्ध ४९.७. व्यायामाचे भक्त हा निकाल सांगताना किंचित घाईत असतात. तो ठळकपणे सांगायला हवा, कारण खुब्याच्या आतले दुखणे आणि जांघेतल्या स्नायूचे दुखणे वरून सारखे भासले तरी एक नव्हे.

नेमकी हीच गल्लत दूर करण्यासाठी २०१४ च्या नोव्हेंबरात १४ देशांतील २४ तज्ज्ञ कतारच्या दोहा शहरात जमले. त्यांत हॉल्मिश होते, वेअरही होते. हर्निया नसलेला हर्निया आणि दाह नसलेला दाह ही जुनी नावे त्यांनी बाजूला ठेवली आणि दुखणे कोणत्या भागाशी निगडित आहे यावरून वर्गवारी केली : आतले स्नायू, खुबा वाकवणारा खोल स्नायू, जांघेची नळी, जघनास्थी, आणि स्वतंत्रपणे खुब्याचा सांधा. ऐंशी-नव्वद वर्षांच्या नामावळीनंतर निदान तक्रार कोठे आहे यावर तरी एकमत झाले.

दरम्यान कोपनहेगनमधील संशोधकांनी आतल्या स्नायूंवर सर्वाधिक भार टाकणारा व्यायाम पुढे आणला आणि त्याला त्या शहराचेच नाव मिळाले. खेळाडू कुशीवर, कोपराच्या आधाराने. वरचा पाय सोबती आपल्या कमरेच्या उंचीवर धरून ठेवतो. खेळाडू त्या पायाच्या जोरावर शरीर उचलतो, खालचा पाय वरच्याला भिडवतो आणि सावकाश खाली येतो. यंत्र नाही, चेंडूही नाही. लिंगच्या आखाड्यात शिक्षक जेथे उभा राहत असे, तेथे आता संघातला सहकारी असतो.

नॉर्वेत जोआर हारय आणि सहकाऱ्यांनी ३५ अर्धव्यावसायिक पुरुष संघांवर हा व्यायाम तपासला. एकूण ६५२ खेळाडू. हंगामापूर्वी सहा ते आठ आठवडे आठवड्यातून तीनदा, हंगाम सुरू झाल्यावर आठवड्यातून एकदा. सोप्यापासून अवघडापर्यंत तीन पायऱ्या आणि खेळाडूने आपल्या वेदनेनुसार पायरी निवडायची. २०१९ साली निकाल आला. व्यायाम करणाऱ्या संघांत हंगामातील कोणत्याही आठवड्यात जांघेची तक्रार असणाऱ्यांचे सरासरी प्रमाण १३.५ टक्के होते, न करणाऱ्यांत २१.३ टक्के.